पिकअप घेताय? आधी हौद्यात काय टाकणार ते ठरवा

दरवर्षी एप्रिलच्या आसपास द्राक्षाचा हंगाम उरकतो, व्यापाऱ्याकडचे पैसे हातात येतात आणि आमच्या नाशिकच्या मखमलाबाद-दिंडोरी पट्ट्यात कोणी ना कोणी विचारतंच, दादा, डबल केबिन (मागेही सीट असलेली) पिकअप घ्यावी म्हणतोय, कुठली घेऊ? मी आधी एकच विचारतो, हौद्यात काय टाकणार आहेस? बहुतेकांनी तेवढंच ठरवलेलं नसतं, गाडीचा रंग ठरलेला असतो, मॅग व्हील ठरलेले असतात. खरंतर कुठली गाडी, कुठली नंबरची पाटी, कुठले टायर, कुठले पाटे (मागच्या स्प्रिंगा) हे सगळं या एका उत्तरावर येतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

रोज माल वाहायचा असेल, म्हणजे टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगावला किंवा कांदा घेऊन लासलगावला, तर डबल केबिनच्या नादी लागू नका. सरळ बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा घ्या. हौदा लांब मिळतो, पाटे मालासाठीच बनवलेले असतात आणि रस्त्यात बंद पडली तरी कुठल्याही गावातला मिस्त्री उघडून दुरुस्त करतो. माल पण आणि माणसं पण न्यायची असतील तर बोलेरो कॅम्पर. आमच्याकडे छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळी येते, त्या लोकांना मागे हौद्यात उभं करून नेणारे मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. मालाच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्याने गुन्हा आहेच, पण ते सोडा, वळणावर एक जण बाहेर फेकला गेला तर त्याच्या घरी जाऊन काय सांगणार? दोन खेपा करा, पण माणसं केबिनमध्येच बसवा.

तिसरा प्रकार म्हणजे आमच्यासारखे, आठवडाभर शहरात, शनिवार-रविवार मळ्यात, वर्षातून पाच-सहा वेळा भंडारदरा, सापुतारा, हरिहरच्या पायथ्याला निरगुडपाडा असं फिरणं, घरचे पाच जण आत आणि मागे औषधाचे डबे, ड्रिपच्या नळ्या, कधी मोटर. यांच्यासाठी नवीनमध्ये खऱ्या अर्थाने दोनच गाड्या उरतात, इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ ला आली, आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यात बनते, सुरुवातीला अडीच लिटरचं इंजिन होतं, आता १.९ लिटर, १६३ पीएस ताकद, ३६० एनएम टॉर्क. हायलक्स २०२२ ला आली, २.८ लिटर, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क. हायलक्सचं इंजिन फॉर्च्युनरचंच आहे, त्यामुळे पार्टला थांबावं लागत नाही ही तिची मोठी जमेची बाजू. व्ही-क्रॉस तिच्यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि मळ्यातल्या कामाला तिचं इंजिन भरपूर पुरतं, माझं मत विचाराल तर शेतकऱ्याने व्ही-क्रॉस घ्यावी आणि वाचलेले पैसे टायरला आणि हौद्याला लावावेत. जुनी स्कॉर्पिओ गेटअवे किंवा टाटा झेनॉन कोणी स्वस्तात देत असेल तरी बंद झालेली गाडी आहे हे लक्षात ठेवा, इंजिनचं सामान मिळेल पण काचा, दिवे, फाळका यासाठी वणवण होते.

आणि टेप घेऊन पार्किंग मोजा, हे मी हात जोडून सांगतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही ५.३ मीटर लांब आहेत, बोलेरोपेक्षा सव्वा मीटरने जास्त, आणि बिल्डर देतो ती जागा साधारण अडीच बाय पाच मीटरची असते. गंगापूर रोडच्या सोसायटीत नाक खांबाला आणि शेपूट रस्त्यात अशी गाडी रोज उभी राहिली की महिन्याभरात शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं. रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकालीकडे तर नेऊच नका.

आता पाटी. पांढरी का पिवळी हा प्रश्न लोक शोरूममध्ये डिलिव्हरीच्या दिवशी विचारतात, तो पहिल्या दिवशी विचारायला हवा. व्ही-क्रॉस, हायलक्स खासगीमध्ये पासिंग होतात. महाराष्ट्रात डिझेलच्या खासगी गाडीला टॅक्स एकदाच भरायचा, किंमत १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १४ आणि त्यावर १५, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणून घरातल्या माणसाच्या नावावर घेतलेली बरी. खासगीची आरसी १५ वर्षं चालते. पिवळ्या पाटीला नवीन गाडी असताना दर २ वर्षांनी फिटनेस, ८ वर्षांनंतर दरवर्षी, आणि ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे समृद्धीवर बाकीच्या गाड्या १२० ने जात असताना तुम्ही ८० वर. भाडं मारायचं असेल तर मात्र पिवळीच पाहिजे, पांढऱ्या पाटीवर शेजाऱ्याचा माल पैसे घेऊन नेला आणि वाटेत काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो आणि त्याला दोषही देता येत नाही कारण पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं, हा आकडा आरसीवर बघून घ्या. लायसन्सबद्दल अजून गोंधळ आहे म्हणून सांगतो, कारचं साधं एलएमव्ही लायसन्स असेल तर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळा शेरा लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलंय.

जुनी घेणाऱ्यांनी इथे जरा थांबा. मी स्वतः २०१८ ची घेतली, वर्षभर शोधली, आणि त्या वर्षात जे शिकलो ते सांगतो. लोक बॉनेट उघडून इंजिनकडे बघत बसतात, पिकअपमध्ये खरी गोष्ट मागच्या बाजूला असते. मी पाहिलेली दुसरी गाडी अगदी काचेसारखी चमकत होती, सीटकव्हर नवे, ४५ हजार किलोमीटर दाखवत होती, हौद्यात काळं प्लॅस्टिकचं लायनर बसवलेलं. मी म्हटलं लायनर काढा. विकणारा म्हणाला कशाला दादा, फिट बसलंय, तुटेल. मी स्वतः चार स्क्रू काढले, एक कोपरा उचलला आणि खाली ओला चिखल, द्राक्षाची कुजलेली पानं आणि पत्र्याला निळसर-हिरवी कड. बोटाने दाबलं तर पापुद्रा हातात आला. ती गाडी कोणाच्या तरी मळ्यात मोरचूद वाहत होती. मोरचुदाचं पाणी लोखंडावर राहिलं की तांबं पत्र्यावर बसतं आणि लोखंड विरघळतं, आपण बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाही ते याचसाठी, मग हौदा तरी लोखंडाचाच आहे ना. तेव्हापासून माझा नियम, लायनर काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरायचं.

त्यानंतर गाडीखाली झोपा, कपडे खराब झाले तर होऊ देत. चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर, खास करून केबिन आणि हौदा यांच्यामधल्या भागात, वेल्डिंगचे डाग दिसतात का बघा, तिथे वेल्डिंग असेल तर गाडीने ओव्हरलोड खाल्लाय नाहीतर अपघात झालाय. मागचे पाटे दोन्ही बाजूंनी मोजा, मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे-उजवीकडे सारखं पाहिजे. पाट्यांमध्ये एखादा नवाकोरा आणि बाकीचे गंजलेले असतील तर का बदलला ते विचारा. फाळका उघडून बंद करा, दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल तर हौदा पिळलाय. ४x४ असेल तर मोकळ्या मातीत नेऊन ४एच (चारही चाकांना जोर) आणि ४एल (तेच, पण हळू आणि जास्त ताकदीचा गिअर) दोन्ही टाकून बघा, वर्षानुवर्षं न वापरल्याने न लागणारी गाडी मी दोनदा पाहिली आहे. कागदात कर्जाचा बोजा उतरलाय का, गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० सहीचे आहेत का, कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आहे का हे बघा, आणि चलनं किती बाकी हे एम-परिवहन ॲपवर तिथेच उभं राहून तपासा. एमएच १५ चीच गाडी असेल तर पेठ रोडच्या आरटीओत काम सरळ होतं. दिल्लीहून आलेली दहा वर्षांच्या आसपासची डिझेल गाडी स्वस्त दिसते कारण तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, पण एनओसी आणायची, इथला टॅक्स पुन्हा भरायचा, आणि हे सगळं होईपर्यंत ती स्वस्त राहत नाही.

गाडी घरी आली की ॲक्सेसरीच्या दुकानात जाण्याआधी भुईकाट्यावर जा. टाकी फुल करा, एकटे बसा आणि वजन करा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. मग आरसीवरचं एकूण वजन बघा. समजा आरसीवर २७०० किलो आहे आणि काटा १९५० दाखवतो, तर उरले ७५०. हे ७५० म्हणजे हौद्यातला माल नाही, त्यात माणसंही आली. तुमच्याशिवाय चार जण धरा, ७० किलोच्या हिशेबाने २८० गेले, उरले ४७०. हौद्यावरचं फायबरचं छत म्हणजे कॅनोपी ७०-८० किलोची, उरले ३९०. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) टाकली की अजून ऐंशी-नव्वद, उरले ३००. म्हणजे टोमॅटोचे २० किलोचे क्रेट १३, कारण रिकाम्या क्रेटचंही वजन असतं, आणि ते भरल्यावर शिदोरीची पिशवी ठेवायलाही फार जागा नाही. ज्याने हा हिशेब एकदा कागदावर केला तो पुढे लोखंड लावताना दहा वेळा विचार करतो. ओव्हरलोडला दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, पण दंडापेक्षा मला सप्तशृंगीच्या घाटातून उतरताना न लागणाऱ्या ब्रेकची भीती जास्त वाटते.

पहिला खर्च हौद्यावर करा, हे माझं ठाम मत आहे. बसवायचं प्लॅस्टिकचं लायनर स्वस्त असतं पण ते पत्र्यावर घासतं, रंग उडतो, खाली पाणी साचतं, वर लिहिलं ते तसंच होतं. स्प्रे करून चिकटणारं कोटिंग महाग पडतं पण पत्रा आणि कोटिंग यांच्यात पाणी जायला जागाच राहत नाही. कोटिंगच्या आधी पत्रा नीट घासून, गंज पूर्ण काढून घ्या आणि तेव्हा स्वतः तिथे उभे राहा, गंजावरच मारलं तर आतून खात जातं आणि दिसतही नाही. एवढं करूनही गंधक, मोरचूद, खताच्या गोण्या नेताना खाली जाड रबरी मॅट आणि वर ताडपत्री, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी पाण्याने धुवायचं. हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला भोकं असतात, त्यात पानं अडकतात, एक वायरचा तुकडा गाडीतच ठेवा. वरून झाकण पाहिजे असेल तर रोज उंच माल नेणाऱ्याला गुंडाळायचं कापडी कव्हर बरं, फिरायला जाणाऱ्याला कॅनोपी बरी, दोन्ही हवं असेल तर कापडीच घ्या.

पाट्यांचं सांगतो. रिकामी पिकअप मागून उडते, हा गाडीचा दोष नाही, पाटे मालासाठी असतात आणि माल नसला की ते कडक लागतात. पावसाळ्यात कसारा घाटात रिकाम्या हौद्याने वळणावर ब्रेक मारला की मागची बाजू सरकायला लागते, मला एकदा इगतपुरीच्या पुढे चांगलाच घाम फुटला होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूच्या दोन-तीन गोण्या बांधून ठेवतो, साधारण ८० किलो, गाडी एकदम शांत होते. बांधून हा शब्द महत्त्वाचा, सुटी गोणी पुढे आली तर केबिनची मागची काच फोडते. बरेच जण गाडी घेतल्या घेतल्या हेल्पर पाटा (जास्तीचा पाटा) टाकून घेतात, रोज माल नसेल तर टाकू नका, रिकामी गाडी अजून उडेल, घरातले वैतागतील आणि आरसीवरचं वजन काही त्याने वाढत नाही.

टायरमध्ये लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. एक उदाहरण गणिताने बघा. हायलक्सला २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशी दोन मापं येतात, दिसायला वेगळी पण दोन्हींचा व्यास ७७६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर बरोबर चालतो. आता कोणी २८५/६५ आर १८ टाकलं तर व्यास जातो ८२८ वर, म्हणजे जवळपास ७ टक्के मोठा. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळते, समृद्धीवर काटा ११३ वर असताना तुम्ही १२० च्या वर गेलेले असता आणि चलन आल्यावर कळतं. गाडी उचलायला जड वाटते, ॲव्हरेज पडतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, वळताना आतून घासतं. ३ टक्क्यांच्या आत राहा, शक्यतो कंपनीचंच माप ठेवा आणि त्याच मापात ऑल-टेरेन (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) घ्या. डांबरावर थोडा आवाज येतो, तो सहन होतो.

आणि काळ्या मातीबद्दल गैरसमज नको. निफाडकडची काळी माती पहिल्या पावसात टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत चेंडूसारखा होतो, मग ४x४ असो नाहीतर काही असो, चारही चाकं जागेवर फिरतात. मळ्याच्या रस्त्याला शिरण्याआधी टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास आणा, ४एच टाका, एका लयीत चालवा, मध्ये थांबू नका, फिरायला लागली तर ॲक्सिलरेटर सोडा, दाबू नका, दाबाल तेवढी खाली जाईल. डांबरावर आल्यावर लगेच २एच (फक्त मागच्या चाकांना जोर), कारण या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल नसतो, कोरड्या रस्त्यावर ४एच मध्ये वळलं की सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. हवा परत भरायला बारा व्होल्टचा पंप गाडीत असू द्या, खेचायला चांगला पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) ठेवा, नायलॉनच्या दोरखंडाने जड गाडी ओढू नका, तुटला तर माणसाचा जीव घेईल.

सजावटीचं थोडक्यात. पुढे लावायचा लोखंडी बुलगार्ड केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदेशीर ठरवलाय आणि त्याला कारण आहे, धडक बसल्यावर पुढचा भाग दबायला पाहिजे तो दबत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला चुकीचा अंदाज जातो आणि समोर दुचाकीवाला असेल तर त्याची धडगत नाही. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि आता मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्या. छतावरची एलईडी पट्टी रस्त्यावर झाकून ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत ती उजेडाची सळई घुसते. सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरकडून काही करून घ्यायचंच असेल तर हौद्यात माल बांधायच्या जाड कड्या करून घ्या, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये दोन, यासारखं उपयोगी काम दुसरं नाही. जी काही ॲक्सेसरी लावाल ती पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेममध्ये तिची किंमत शून्य धरतात.

देखभालीत एकच गोष्ट लोकांना सांगावी लागते, बीएस-६ डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी धरायचा फिल्टर असतो आणि रोज घर ते कॉलेज रोड एवढंच चालवलं तर तो जाम होतो. आठवड्यातून एकदा हायवेला ओझर-पिंपळगावपर्यंत अर्धा-पाऊण तास एका वेगाने न्या, काजळी जळून जाते. बाकी प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटला ग्रीसिंगची निपल असेल तर मिस्त्रीला आठवण करून ग्रीस मारून घ्या, आणि स्टेपनी हौद्याखाली लटकलेली असते तिची साखळी वर्षातून एकदा तरी खाली सोडून तेल लावा, चिखलात ती जाम होते आणि पंक्चर झाल्यावर रात्री पेठ रोडला टॉमी फिरवूनही स्टेपनी खाली येत नाही, हे माझ्यासोबत झालंय, त्या दिवशी एका टेम्पोवाल्या भाऊने हातोडा दिला म्हणून सुटलो.

क्रेट बांधताना पहिली ओळ केबिनला टेकवून लावा, चारपेक्षा जास्त थर करू नका, पट्टा आधी मागून पुढे आणि मग आडवा घ्या, फाळक्याच्या भरवशावर कधीच ठेवू नका. बांधून झालं की पहिल्या दोन किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा, तेवढ्यात माल बसलेला असतो आणि पट्टा हमखास सैल झालेला असतो.